भावाचा आजार, वडिलांचा धाक आणि व्हायोलिन

सांगली जिल्ह्यातल्या आणि आता ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा २६ वर्षांचा धाकटा भाऊ हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवतो. वडिलांना घरात अण्णा म्हणतात. ते शाळेत शिक्षक होते आणि तेच मुलाचे एकमेव गुरू. पाचव्या वर्षापासून पहाटे चारला उठवणे, लाल पेन्सिलीने रियाझाच्या तासांची वही ठेवणे, मित्र आणि सहली बंद, असा शिरस्ता होता. मुलगा सोळा वर्षांचा असताना पुण्यातल्या एका ज्येष्ठ वादकांनी त्याला आपल्याकडे ठेवून शिकवण्याची तयारी दाखवली, तेव्हा अण्णांनी साफ नकार दिला. विसाव्या वर्षी त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. मग रात्रीच्या रात्री झोप नाही आणि नंतर महिनोन्महिने अंथरूण. डॉक्टरांनी स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे भास आणि मनाचे तीव्र चढउतार एकत्र असणारा आजार, असे निदान केले. ‘गोळ्यांनी हात जड होतो’ म्हणून अण्णांनी गोळ्या थांबवायला लावल्या आणि तो पुन्हा रुग्णालयात गेला. गेले पाच महिने तो बहिणीकडे आहे आणि सावरतो आहे. त्याच्यावर ताण नको म्हणून बहिणीने व्हायोलिन कपाटात कुलूप लावून ठेवले आहे. त्यातच एका संस्थेने त्याचा कार्यक्रम ‘आजारावर मात केलेला कलाकार’ म्हणून जाहीर करण्याची इच्छा कळवली आहे. कठोर बाप आणि आजारी पडलेला पियानोवादक मुलगा यांच्यावरचा ‘शाइन’ हा चित्रपट पाहिल्यापासून आपल्या घरात नेमके हेच घडले, अशी भगिनींची खात्री झाली आहे.

सप्रेम नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला तुम्ही विचारता, ‘हे अण्णांमुळे झाले का?’ आणि शेवटी विचारता, ‘अण्णांशी संबंध तोडू का?’ मधल्या पानांत खटला चालून निकालही लागलेला दिसतो आणि माझ्याकडून तुम्हाला त्यावर केवळ सही हवी आहे. ती मी करणार नाही. अण्णांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, तर या निकालाचा तुमच्या भावाला काडीचाही उपयोग नाही म्हणून.

स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळचे आजार आईबापांच्या वागण्यातून उपजतात, ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढे दोनतीन दशके असंख्य आयांनी मुलाच्या आजाराबरोबर त्या आरोपाचेही ओझे वाहिले. पुढच्या संशोधनात ती कल्पना टिकली नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, मेंदूच्या जडणघडणीचा आहे, आणि लहानपणी सोसलेल्या छळाने जोखीम वाढते हेही आज मानले जाते. परंतु जोखीम वाढणे ही एक गोष्ट झाली आणि अमक्याने अमक्याला आजारी पाडले असे म्हणणे ही दुसरी. पहिली संख्याशास्त्राची आहे. दुसरी कोणत्याही एका घराबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही.

संगीताच्याच इतिहासातले एक घर पाहा. लाइपझिगच्या फ्रीडरिश वीक या पियानोशिक्षकाने आपली मुलगी क्लारा हिला अक्षरशः मुठीत ठेवले होते. तिची रोजनिशीसुद्धा तो तिच्या वतीने ‘मी’ म्हणून लिहीत असे, तिच्या मैफलींची कमाई त्याच्या हाती राही, आणि संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न करण्यासाठी तिला बापाविरुद्ध न्यायालयात जावे लागले. १८४० च्या सप्टेंबरमध्ये, एकविसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, ते लग्न झाले. याउलट रॉबर्टचे वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते. त्यांनी मुलाच्या संगीताचे आणि वाचनाचे कौतुकच केले. आता आजारी कोण पडले? १८५४ मध्ये ऱ्हाइन नदीत उडी घेणारा, वाचवल्यानंतर बॉनजवळच्या एंडेनिशच्या मनोरुग्णालयात दाखल झालेला आणि १८५६ मध्ये तेथेच वारलेला माणूस रॉबर्ट होता. क्लाराने आठ बाळंतपणे सोसली, पतीच्या पश्चात संसार एकटीने ओढला आणि साठ वर्षांहून अधिक काळ मंचावर वाजवले. यावरून जुलमी बाप बरा, असा अर्थ कोणी काढू नये. वीकचे वागणे वाईटच होते. ते वाईट ठरायला क्लाराने वेडे होण्याची गरज नव्हती. अण्णांनी तुमच्या भावाचे बालपण हिरावून घेतले असेल, तर ती गोष्ट तो आजारी पडला नसता तरी तितकीच चुकीची ठरली असती. राग त्यासाठी ठेवा; आजाराचे खापर मात्र त्यांच्या माथी फोडू नका.

‘शाइन’विषयी तुम्ही इतके लिहिले आहे की त्यावर बोलणे भाग आहे. १९९६ च्या त्या चित्रपटासाठी जेफ्री रश यांना ऑस्कर मिळाले. मीही तो पाहिला आहे आणि अभिनयापुढे नतमस्तक आहे, मात्र त्याला वैद्यकीय पुरावा मानायला मी तयार नाही. तो ज्यांच्या आयुष्यावर बेतला आहे ते पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉट १९४७ मध्ये मेलबर्नला जन्मले आणि पर्थमध्ये वाढले. वडील पोलंडमधून युद्धाआधीच ऑस्ट्रेलियात आलेले ज्यू गृहस्थ होते, त्यांचे मागे राहिलेले नातेवाईक नाझींच्या हत्याकांडात गेले, आणि मुलाला परदेशी शिकायला पाठवण्याची संधी त्यांनी एकदा नाकारली. १९६६ मध्ये डेव्हिड तरीही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये गेले, तेथे सिरिल स्मिथ यांच्याकडे शिकले, आणि त्याच काळात त्यांची प्रकृती ढासळू लागली. पुढे पर्थला परतल्यावर त्यांच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे मनोरुग्णालयांच्या आत-बाहेर गेली. चित्रपटातला बाप मुलाला मोडून टाकतो. डेव्हिड यांची बहीण मार्गारेट यांनी मात्र स्वतंत्र पुस्तक लिहून हे चित्र खोटे असल्याचे आणि आपले वडील प्रेमळ असल्याचे सांगितले. पत्नी जिलियन यांची बाजू चित्रपटाच्या अंगाने जाणारी होती. बापाचा मृत्यू १९७५ मधला आणि वाद पेटला तो त्यानंतर वीस वर्षांनी. दोन्ही बाजूंना डेव्हिडविषयी माया होती, आणि तरीही त्या वादातून कोणालाही त्यांच्या एका गोळीचा डोस ठरवता आला नाही.

त्यामुळे ‘हे कोणी केले’ हा प्रश्न सोडून ‘तो आता कोणत्या हवेत राहतो’ हा प्रश्न हाती घ्या. याचे उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा आईवडील किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे अथवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची प्रकृती चांगली टिकलेली आढळली. जवळची माणसे वाईट, असा याचा अर्थ नव्हता. पुढच्या अभ्यासांत स्पष्ट झाले ते असे, की ज्या घरात सतत उणीदुणी काढली जातात, राग धुमसत असतो, किंवा काळजीपोटी रुग्णाच्या श्वासाश्वासावर पहारा असतो, त्या घरात आजार अधिक वेळा उलटतो. अशा घरातल्या माणसांशी आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी समोरासमोर संबंध आला आणि औषधे चालू राहिली, तर धोका बराच घटतो. भावाला ठाण्याला आणण्याचा तुमचा निर्णय माझ्या मते योग्यच आहे. ज्या अभ्यासाचे नावही तुम्ही ऐकले नसेल, त्याला धरूनच तुम्ही वागलात.

मात्र त्याच अभ्यासातला तिसरा घटक, म्हणजे काळजीचा पहारा, तुमच्या पत्रातही ओळीओळीत आहे. गोळी गिळली का हे पाहायला तुम्ही त्याला जीभ वर करायला सांगता. त्याचा फोन रात्री तुमच्या उशाशी असतो. आणि व्हायोलिन कपाटात आहे, किल्ली तुमच्या पर्समध्ये. ‘त्याने मागितले तर देईन’ असे तुम्ही लिहिता. तो मागणार नाही. ज्या मुलाने वाद्य स्वतःहून हातात घेतले किंवा खाली ठेवले असे आजवर कधी घडलेच नाही, त्याला मागण्याची सवय कुठून असणार? अण्णा त्याला वाजवायला लावत होते, तुम्ही त्याला न वाजवायला लावता आहात. हे कठोर वाटेल, पण सहा पानांच्या पत्रात तुमच्या भावाच्या तोंडचे एकही वाक्य नाही, हे मी दोनदा वाचून तपासले. आजच कपाट उघडा, पेटी त्याच्या खोलीत ठेवा आणि त्यावर काहीही बोलू नका. तो महिनाभर तिला शिवला नाही तरी बोलू नका, आणि एके दिवशी तीन तास वाजवत बसला तरी टाळ्या वाजवू नका. गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणा, ती रविवारी त्याने स्वतः भरावी, आणि तुम्ही आठवड्यातून एकदा त्याच्या देखत ती पाहावी, एवढा करार पुरेसा आहे. आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर तो करार कसा बदलायचा, हेही तो बरा असतानाच त्याच्याशी ठरवा.

आता हाताविषयी, कारण सगळे घर ज्या मुद्द्यावर फुटले तो हाच आहे. अण्णांचे निरीक्षण खरे आहे. त्यावरचा त्यांचा उपाय घातक होता. मनाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियम या औषधाने हाताला बारीक कंप येऊ शकतो. आवाज आणि भास आटोक्यात ठेवणाऱ्या काही औषधांनी स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते, कधी एका जागी बसवत नाही. कारकुनी करणाऱ्याला जो कंप जाणवणारही नाही, तो व्हायोलिनवादकाला असह्य होतो, कारण विलंबित आलापीत गज टोकापर्यंत सावकाश ओढताना सूर मध्येच थरथरतो आणि ते आधी त्यालाच ऐकू येते. ‘हात जरा थरथरतो’ एवढेच डॉक्टरांना सांगितले, तर घाईच्या ओपीडीत त्याची नोंद होऊन विषय संपेल. त्याऐवजी भावाची तयारी असेल तर त्याने दोन मिनिटांचा संथ आलाप फोनवर ध्वनिमुद्रित करावा, डोस बदलल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तोच आलाप करावा, आणि दोन्ही डॉक्टरांना ऐकवावे. करण्यासारखे बरेच असते. लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासून डोस थोडा उतरवता येतो का ते पाहता येते, कंपावर वेगळे औषध देता येते, ताठरपणा आणणारे औषध बदलता येते, चहा-कॉफी कमी करूनही काहींना फरक पडतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या ठराविक काळाने होत आहेत ना, हे विचारा, आणि अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका, कारण काही वेदनाशामकांनी लिथियमची पातळी वाढते. हे सगळे डॉक्टरांच्या हातून आणि हळूहळू. गोळ्या एकाएकी थांबवल्या की काय होते, ते तुमच्या घराने पाहिलेच आहे.

पहाटेच्या रियाझाविषयी मला थोडे अप्रिय बोलायचे आहे. ब्राह्ममुहूर्ताच्या रियाझाला आपल्याकडे इतके पावित्र्य आहे की त्याविरुद्ध बोलणारा अडाणी ठरतो. परंतु ज्या आजारात मन उसळते आणि खचते, त्यात झोप बिघडणे हे पुढच्या झटक्याचे लक्षणही असते आणि कारणही. तुमच्या भावासाठी ठरलेल्या वेळी झोपणे आणि पुरेसे झोपून उठणे हा औषधोपचाराचाच भाग आहे. रियाझ सकाळी दहाला केल्याने भैरव रुसणार नाही. रात्रभराच्या मैफलीला श्रोता म्हणून जाणेही सध्या टाळलेले बरे, आणि सलग दोन रात्री झोप आली नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

कार्यक्रमाविषयी तुम्ही ‘हो म्हणू की नाही’ असे विचारता. उत्तर भावाने द्यायचे आहे, म्हणून मी फक्त काय पाहावे एवढेच सांगतो. हेल्फगॉट यांच्या कहाणीत माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग ऑस्करचा नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पर्थमधल्या ‘रिकार्डोज’ नावाच्या एका लहान उपाहारगृहात ते पियानो वाजवू लागले. लोक जेवायला आलेले असत, कोणी गुण देत नसे, आणि आवडले तर टाळ्या पडत. एवढ्यावर त्यांचे संगीत पुन्हा उभे राहिले. चित्रपट गाजल्यानंतर १९९७ मध्ये मोठमोठ्या सभागृहांतून त्यांचा दौरा झाला, तिकिटे झपाट्याने संपली, आणि समीक्षकांनी मात्र वादनाची सालटी काढली. श्रोत्यांचा मोठा भाग कहाणी ऐकायला आला होता, समीक्षक पियानो ऐकायला. त्या दोहोंच्या मध्ये कलावंत सापडला. ‘आजारावर मात केलेला कलाकार’ या फलकाखाली तुमचा भाऊ बसला, तर त्याच्या वादनातली प्रत्येक चूक आजाराच्या खाती जाईल आणि प्रत्येक चांगली जागा सहानुभूतीच्या. शिवाय ‘मात केली’ असे जाहीर झाल्यावर पुन्हा कधी रुग्णालयात जावे लागले, तर त्या अपयशाची लाज आणखी. संस्थेला कळवावे की कार्यक्रम करायचा की नाही ते तो ठरवील, पण निमंत्रणपत्रिकेत फक्त त्याचे नाव, वाद्य आणि साथीदारांची नावे असतील. हे मान्य नसेल तर विषय संपला. स्वतःच्या आजाराविषयी लोकांसमोर बोलावे असे त्याला कधी वाटले, तर ती वेगळी गोष्ट आणि तो त्याचा अधिकार. तोवर एखाद्या मित्राच्या घरी, दहापंधरा माणसांत, तबल्याच्या साध्या ठेक्याबरोबर अर्धा तास राग यमन वाजवला तरी खूप झाले, आणि नाही वाजवला तरी चालेल.

अण्णांशी संबंध तोडू नका, पण त्यांना मोजून वाव द्या. ते रोज रात्री फोन करून ‘आज किती तास?’ विचारतात, हे बंद व्हायला हवे. आठवड्यातून एक फोन, भाऊ स्वतः करील तो, आणि त्यात संगीत सोडून काहीही. पहिल्या दोन महिन्यांत बोलायला विषयच उरणार नाही आणि फोन अवघड शांततेत संपेल. तसे होऊ द्या. भावाची संमती असेल तर अण्णांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. त्यांना मुलीचे म्हणणे उर्मटपणा वाटेल, पण ‘गोळ्या थांबवल्यास आजार उलटेल आणि हातावर उपाय आहे’ ही दोन वाक्ये डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर एक निवृत्त शिक्षक ती बहुधा टिपून घेईल. त्यांनी माफी मागावी ही तुमची अपेक्षा मला समजते. ती अट मात्र घालू नका, कारण माफी मिळेपर्यंत भावाचे बरे होणे तुम्ही दोघांनी मिळून ओलीस ठेवल्यासारखे होईल.

कायद्याचीही बाजू तुम्हाला ठाऊक असावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, आणि त्यासाठी साध्या कागदावरचे सहीनिशी पत्र पुरते. आपली प्रकृती निर्णय घेण्याजोगी नसेल तेव्हा वडिलांनी, तुम्ही की आणखी कोणी डॉक्टरांशी बोलावे, हे भावाला आज, तो बरा असताना, लिहून ठेवता येईल. तो तुमचेच नाव लिहील असे गृहीत धरू नका.

शेवटी तुमच्याविषयी. यजमान समजूतदार आहेत, मुलगी दहावीला आहे, जागा दोन खोल्यांची आहे, आणि स्वतःच्या झोपेविषयी तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही. चित्रपट पाहायचाच तर या घडीला ‘शाइन’ऐवजी ‘देवराई’ पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या या मराठी चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आहे आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताणही आहे. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करते. ठाण्यात तुमच्या जवळ आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. नातेवाइकांच्या गटात महिन्यातून एकदा जाऊन बसा. तिथे तुम्हाला काही समजावून सांगावे लागणार नाही. भाऊ मरणाविषयी बोलू लागला, किंवा ऐकू येणारे आवाज त्याला काही करायला सांगत आहेत असे म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री काय करावे सुचेनासे झाले तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक यजमानांच्या आणि मुलीच्या फोनमध्येही घालून ठेवा. संस्थेला उत्तर पाठवण्यापूर्वी भावाशी बोलणे होईलच. त्याला चालत असेल तर पुढचे पत्र त्याने लिहावे, किंवा दोघांनी मिळून.